शेकरूच्या रानांत

कर्जतहून खांडसला पोहोंचलों, तेव्हां नुकतेंच उजाडत होतें. येथून भीमाशंकरास दोन वाटा चढतात. शिडीघाटाची बिकट, गणेशघाटाची लांब पण सोपी. मुलें बरोबर, म्हणून आम्हीं दुसरी धरली. वडील मंडळींस ओढ ज्योतिर्लिंगाची, धाकट्याला शेकरूची!

माथ्यावरच्या रानांत शिरलों तों दुपार कलली होती. वाटाड्यानें सर्वांस खालीं बसविलें. घटकाभर कोणी बोललें नाहीं. मग उंच शेंड्यावर तांबूस, झुपकेदार शेपूट हललें आणि शेपटासकट चांगलें तीन फूट लांबीचें तें जनावर पलीकडच्या झाडावर झेपावलें. धाकट्यानें खिशांतून शेंगदाणे काढले. वाटाड्यानें त्याची मूठ हळूच मिटली. "बाळा, त्याला खालीं नको बोलावूं. खालीं कुत्रीं आहेत."

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतें. त्याचें खाणें, हिंडणें, काटक्यापानांचीं अनेक घरटीं, सारें वरच. फांदीला फांदी भिडलेली असणें हाच त्याचा रस्ता. मधलें एक झाड पडलें कीं तो तुटला. १९८५ सालीं हें रान अभयारण्य झालें, शेकरूस राज्यप्राण्याचा मानहि मिळाला. पण पाहुण्यांच्या खिशांतल्या खाऊला कायदा कोठवर पुरणार?

शेंगदाणे दुसऱ्या दिवशीं उतरतांना आम्हींच खाल्ले. धाकट्यानें मात्र एकहि घेतला नाहीं.