हॉटेलची परीक्षा मोरीपाशी

आमच्या ऑफिसात माझी एक ख्याती आहे. कोणी परगावी निघाला की आधी माझ्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "तिथं जेवायला कुठं जावं?" मी हिशेब शाखेतला साधा कारकून. पण गेली वीस-बावीस वर्षे कर्मचारी संघटनेच्या आणि समाजाच्या कामासाठी गावोगाव फिरलो. बैठका रात्री उशिरा संपायच्या, मुक्काम समाजमंदिरात, आणि जेवण मिळेल तिथे. पदवी बी.कॉम.ची, पण जिभेचे शिक्षण एस.टी. स्टँडच्या आसपास झाले, असे म्हणायला हरकत नाही.

माझी हॉटेल पारखण्याची एक रीत आहे. आत गेलो की मी आधी मेनूकार्ड बघत नाही. हात धुवायला म्हणून मागे जातो आणि मोरीत डोकावतो. भांडी घासणारा माणूस उभा आहे की ओल्यात उकिडवा बसला आहे? तो लहान पोर तर नाही? त्याला तहान लागली तर तो पाणी कोठून पितो? एवढे पाहिले की मी येऊन बसतो, किंवा "जरा जाऊन येतो" म्हणून निघून जातो. मित्र हसतात. म्हणतात, "तू जेवायला आलास की इन्स्पेक्शनला?" त्यांना मी कारण सांगत नसे. आज सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मुंबईत गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली त्या दिवसापासून थंडावू लागल्या. मी तेव्हा अगदी लहान. वर्षभर उसनवारीवर काढल्यावर आबांनी एका खाणावळीत भांडी घासायचे काम धरले. मालकाने आडनाव विचारले, तेव्हा त्यांनी दुसरेच सांगितले. पोटासाठी माणूस काय काय लपवतो! रात्री ते घरी येत तेव्हा त्यांची बोटे पांढरी पडलेली असत, सोड्याने चिरा पडलेल्या असत. आई त्यांना खोबरेल तेल चोळायची, हे मला अजून आठवते.

पुढच्या एप्रिलमध्ये आबांनी चौदा तारखेची सुट्टी मागितली. मालक काय ते समजला. त्याने कामावरून काढले नाही. फक्त एवढेच सांगितले, "भांडी घास, पण पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला हात लावू नकोस. तहान लागली तर सांग, पोरगा वरून ओतील."

ज्या हातांनी घासलेल्या ताटात सारी गिऱ्हाइके जेवत होती, ते हात पिंपाला चालत नव्हते! आबांनी त्या रात्रीची भांडी पुरी केली, चौदा तारखेला आम्हाला घेऊन चैत्यभूमीवर गेले आणि परत त्या खाणावळीची पायरी चढले नाहीत. पुढे भाजी मार्केटात हमाली केली. म्हणून मी मोरीत डोकावतो.

आता माझी मते सांगतो. पटतील तेवढी घ्यावीत.

मुंबईत मला सर्वांत जवळचा वाटतो तो इराणी. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि दाट चहा. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव आपल्या खिशाला जड जातो, हे खरे. पण कोपऱ्यावरच्या साध्या इराण्याकडे हमाल आणि हेडक्लार्क एकाच टेबलावर बसत. "तू कोण?" असे गल्ल्यावरचा इराणी विचारत नसे. पैसे काढ आणि चहा पी. आज हे इराणी थोडेच उरलेत. उडप्याकडची इडली स्वस्त आणि पोटाला सोसणारी. उडप्यांची आणखी एक गोष्ट मला आवडते. गावाकडून आलेली त्यांची कितीतरी पोरे दिवसा टेबल पुसत आणि रात्रशाळेत शिकत. त्यासाठी मुंबईत कानडी रात्रशाळा चालल्या. कपबशी घासणाऱ्या हातात पाटी-पेन्सिल देणारी माणसे मला मोठी वाटतात.

पुण्यात चहा प्यावा तो अमृततुल्यमध्ये. पितळी पातेले, वेलची-आल्याचा वास. मिसळीबरोबर पुणेकर पाव नव्हे, स्लाइस देतात आणि वरच्या रश्श्याला 'सॅम्पल' म्हणतात. डेक्कनच्या गुडलकमध्ये, ते १९३५ सालचे, बन मस्का खाताना मला नेहमी याच शहरातला दुसरा एक चहा आठवतो. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्याची नामांकित मंडळी जमली होती. तिथे चहा पुढे आला म्हणून त्यांच्यावर ग्रामण्य झाले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहाची ही किंमत! ती मंडळी वरच्या जातीची होती. मग आपल्या आजोबा-पणजोबांना हॉटेलच्या दाराबाहेर, वळचणीला ठेवलेल्या फुटक्या कपात चहा मिळत असे, याचे नवल काय?

कोल्हापुरात मिसळीच्या रश्श्याला 'कट' म्हणतात आणि मटणाबरोबर तांबडा-पांढरा रस्सा येतो. पांढरा आधी घोटभर प्यावा, मग भाकरी मोडावी. चवीत मी कोल्हापूरला पहिला नंबर देतो. पण कोल्हापूरचे सर्वांत मोठे हॉटेल माझ्या मते आज अस्तित्वात नाही. ते गंगाराम कांबळे यांचे. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी चहाचे हॉटेल काढले. नाव 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले, चहा मागवू लागले आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींच्या हातातही कप देऊ लागले. महाराजांचा कप कोण नाकारणार? कायदे पुष्कळ होतात. पण राजाने रस्त्यावर उभे राहून चहा पिणे ही फार मोठी गोष्ट आहे. नव्या पिढीने कोल्हापूरला गेल्यावर त्या रस्त्यावरून एकदा तरी चालावे.

नागपूरला मी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जातो. सकाळी तर्री-पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात. नवख्याने जपून खावे, डोळ्यांतून पाणी येते. रात्री सावजी. काळा मसाला, वर तेलाची तर्री, आणि शाकाहारी माणसासाठी पाटवडी रस्सा. ही सावजी भोजनालये विणकाम करणाऱ्या कोष्टी समाजाच्या घरांतून निघाली. माग थंडावले तेव्हा घरच्या बायकांच्या हातच्या मसाल्याने संसार तारले. गिरणी बंद पडलेल्या घरातला माणूस म्हणून मला त्या जेवणाची वेगळी चव लागते. पण खरे सांगायचे तर नागपूरचे सर्वांत गोड जेवण दीक्षाभूमीच्या वाटेवरचे. तिथे आपलीच माणसे रस्त्याकडेला पातेली मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून वाढतात. बिल नाही, वेटर नाही. जेवणारा माणूस स्वतः उठून पुढच्या पंगतीला वाढू लागतो.

महाराष्ट्राबाहेर मला बंगळूर आवडले. संघटनेच्या अधिवेशनाला गेलो होतो. तिथे 'दर्शिनी' नावाची हॉटेले आहेत. आधी पैसे भरून टोकन घ्यायचे, खिडकीतून आपली इडली-कॉफी आपण उचलायची आणि छातीइतक्या उंच टेबलाशी उभ्याने खायचे. खाऊन झाल्यावर ताट आपणच टबात नेऊन ठेवायचे. साहेब असो की रिक्षावाला, सगळे उभे! गुडघेदुखीच्या माणसाची मात्र पंचाईत होते. तिथेच चर्च स्ट्रीटवर इंडियन कॉफी हाऊस आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा कामगार रस्त्यावर येणार होते. कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी सोसायट्या केल्या. पहिली बंगळूरला, १९५७ साली. तुऱ्याचा फेटा बांधून कॉफी आणणारा माणूस तिथे संस्थेचा सभासद असतो. माझ्या परीक्षेत हे हॉटेल पहिले आले. कॉफी बेताचीच होती, पण आणणाऱ्याची मान ताठ होती.

आता बारविषयी. मी पीत नाही. पंचशीलातले पाचवे शील दर आठवड्याला विहारात म्हणायचे आणि शनिवारी मोडायचे, हे मला जमत नाही. पण निवृत्तीच्या, बढतीच्या पार्ट्यांना सोबत्यांचे मन राखायला जावे लागते. सोडा आणि चकणा एवढाच माझा खर्च. मुंबईच्या परमिट रूममध्ये काचा काळ्या आणि उजेड मंद. शेजारच्याचा चेहरा दिसू नये, अशी सोय. पुण्याकडे एका भिंतीच्या अलीकडे फॅमिली आणि पलीकडे बार. गोव्यातल्या जुन्या ताव्हेर्नमध्ये दार उघडे, दिवसाचा उजेड आत. म्हातारा माणूस एक पेला फेणी घेतो, चार शब्द बोलतो आणि घरी जातो. मी प्रशस्तिपत्र देत नाही, फरक सांगतो.

सर्वांत वाईट जागा म्हणजे आपल्या वस्तीच्या तोंडाशी असलेले देशी दारूचे दुकान. पगाराच्या दिवशी तिथे जाऊन पाहा. बसायला बाक नाही. ग्लास एकाच बादलीत बुडवून दुसऱ्याला देतात. तिथे मात्र जात कोणी विचारत नाही! पाण्याच्या पिंपाशी आपल्याला वेगळे काढणारा समाज माणूस बुडवायच्या जागी एकच पंगत मांडतो. बंधूंनो, याचा विचार करा. आणि भगिनींनो, आपल्या राज्यात दारूचे दुकान उठवण्यासाठी महिलांच्या मतदानाची सोय आहे. त्याला लोक 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. बाटली आडवी करायला एकजूट लागते, पैसा लागत नाही.

बी.कॉम. झालो असल्यामुळे बिलाविषयीही दोन शब्द. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी पाच टक्के असतो. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज' म्हणून आणखी रक्कम लावली असेल तर ती सक्तीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. द्यायचेच असेल तर वेटरच्या हातात द्या, आणि जमल्यास भांडी घासणाऱ्याच्याही. चौदा वर्षांखालचे मूल हॉटेलात राबताना दिसले तर गप्प बसू नका. १० ऑक्टोबर २००६ पासून त्याला बंदी आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. आणि कोणी वेगळा कप पुढे केला तर मान खाली घालून उठू नका. संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला नुसते मतच नव्हे, हॉटेलातली खुर्चीसुद्धा मिळवून दिली आहे.

यंदा माझी मुलगी दहावी झाली. आम्ही सारे घराजवळच्या एका एसी हॉटेलात गेलो. आबा पंचाहत्तरीच्या पुढचे. खुर्चीच्या कडेवर बसले होते, जणू कोणी उठवील. मेनूकार्ड उलटे धरून म्हणाले, "तुम्ही मागवाल ते." मुलीने त्यांच्यासाठी मऊ पनीर आणि भात मागवला. वेटरने आधी त्यांच्या पेल्यात पाणी ओतले. आबा त्या पेल्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग सावकाश प्याले. मी काही बोललो नाही.

जेवण झाल्यावर आबांनी हळूच सगळ्यांची ताटे ओढली, उष्टे एका ताटात काढले, वाट्या एकात एक घातल्या आणि सांडलेली शिते कागदाने टिपली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. मुलगी कानात म्हणाली, "आबा, राहू द्या ना! त्यांचं काम आहे ते."

आबा म्हणाले, "काम त्याचं हाय पोरी, खरकटं आपलं हाय."

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग तिने आपला चमचा उचलून त्या ताटात ठेवला आणि आजोबांना हात पुसायला कागद दिला.

त्या दिवशी मी मोरीत डोकावायला विसरलो होतो. आबांनी आठवण करून दिली. निघताना मागे गेलो. आत एक तरुण उभ्याने भांडी घासत होता, पायांत गमबूट, शेजारी पाण्याची बाटली. मी म्हणालो, "जेवण चांगलं होतं हो." तो गोंधळला, मग हसला. त्याला बहुधा असे कोणी सांगितले नसावे.

जयभीम.