नाद आणि गोंगाट

मराठी भाषेंत आवाजास जितकीं नांवें आहेत तितकीं शांततेस नाहींत. गोंगाट, गलका, गलबला, कल्ला, दंगा, आरडाओरडा, हलकल्लोळ, गदारोळ. यादी करावयास बसलें म्हणजे पाटी भरून जाते. उलट बाजूस पाहूं जातां ‘शांतता’, ‘निःशब्दता’ हे शब्द आपण संस्कृतांतून घेतलेले. आणि घरचे म्हणून जे दोन उरतात, ‘सामसूम’ व ‘चिडीचूप’, त्यांपैकीं पहिल्यांत कांहीं विपरीत घडल्याची शंका आहे, तर दुसऱ्यांत मास्तरांच्या छडीची भीति आहे. घर शांत दिसलें कीं कोणी आजारी आहे काय, असें विचारणाऱ्या लोकांत आम्ही जन्मलों व वाढलों. तेव्हां पुढें जें लिहिणार आहों तें मोठ्या आवाजाच्या द्वेषानें नव्हे, हें वाचकांनीं प्रथमच ध्यानांत घ्यावें.

आमचें आयुष्य पेण आणि रोहें या दोन गांवांत गेलें. कोंकणांतली वाडी म्हणजे एक घर येथें, तर दुसरें आंबराईपलीकडे. तेथें मारलेली हांक पलीकडच्या खळ्यापर्यंत पोंचलीच पाहिजे. एकत्र कुटुंबांतही तोच न्याय. माजघरांत बोललेलें पडवींत ऐकूं जावें, म्हणून आमच्या आजीचा गळा घडला होता. साठ साठ मुलांच्या वर्गांत शिकवून आमचाही तसाच झाला. कीर्तनकारबोवा तर ध्वनिवर्धकावांचून देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत आपला शब्द पोंचवीत. हा सारा मोठाच आवाज होता. पण तो माणसाचा होता, आणि माणूस दमतो. त्या दमण्यांतच त्या आवाजाची मर्यादा होती.

मोठ्या आवाजाची आवड ही आपलीच मिरासदारी आहे असेंही नाहीं. स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया शहरांत मार्चच्या १ पासून १९ तारखेपर्यंत रोज दुपारीं २ वाजतां नगरपालिकेपुढील चौकांत दारूचे बार उडवितात, आणि १९ च्या रात्रीं गल्लोगल्लीं उभारलेले मोठमोठे पुतळे जाळतात. आपल्या शिमग्याचा हा मावसभाऊच शोभावा! त्याच देशांतील कालांदा गांवीं गुड फ्रायडेच्या दुपारीं १२ च्या ठोक्यास असंख्य ढोल एकदम वाजूं लागतात. तेथील अशा ढोलवादनाच्या प्रथांस युनेस्कोनें २०१८ सालीं सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु त्याच व्हॅलेन्सियांत, रात्रीच्या नाचगाण्याच्या अड्ड्यांमुळें वर्षानुवर्षें झोप न मिळालेल्या एका बाईनें दाद मागत मागत स्ट्रासबर्गचें युरोपीय मानवी हक्क न्यायालय गांठलें. स्वतःच्या घरांत निवांत राहतां येणें हा हक्क आहे व तो राखण्यांत सरकार कमी पडलें, असा निकाल त्या न्यायालयानें २००४ सालीं दिला. उत्सव आणि शेजाऱ्याची झोप यांचा तंटा असा सर्वदेशीय आहे.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. पेणचें नांव गणपतीच्या मूर्तींमुळें सर्वत्र झालें आहे. गांवांत, आणि जवळच्या हमरापूर, जोहे या खेड्यांतही मूर्तींचे कारखाने आहेत. डोळ्यांची आखणी हें त्यांतलें सर्वांत नाजूक काम. लहानपणीं आम्ही कारखान्याच्या दारांत उभे राहून ती पाहत असूं. बुबुळाची रेघ ओढतांना कारागीर श्वाससुद्धां आंवरून धरी, आणि आम्हां मुलांसही कोणीं न सांगतां गप्प बसावें लागे. अशा निःशब्दतेंत घडलेली मूर्ति परदेशापर्यंत जाते. आणि अनंतचतुर्दशीस तिच्यापुढें घरांच्या खिडक्या थरथरतील असा आवाज करतात. लोकमान्य टिळकांनीं १८९३-९४ च्या सुमारास हा उत्सव सार्वजनिक स्वरूपास आणला, तेव्हां त्यांत व्याख्यानें, कीर्तनें व मेळे यांस मोठें स्थान होतें. म्हणजे लोकांनीं कांहीं ऐकावें हा त्याचा हेतु. आज भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढें शेजारच्या माणसाच्या कानांत ओरडलें तरी शब्द कळत नाहीं.

याचें गणितही पाहण्यासारखें आहे. आवाज मोजण्याची डेसिबलची पट्टी फुटपट्टीसारखी नाहीं. आंकडा १० नें वाढला कीं ध्वनीची शक्ति दसपट होते, २० नें वाढला कीं शंभरपट. कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षेसाठीं ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठीं ८ तासांपेक्षां अधिक ऐकूं नये असा दंडक बहुमान्य आहे, आणि पुढें दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें! कानाच्या आंतील शंखाकृति भागांत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्या एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. कायद्यानेंही कमी केलेलें नाहीं. २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतीं १०० मीटरपर्यंत ती आणखी ५ नें खालीं येते. रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवावयाचे. मात्र सणांसाठीं वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. आपला आवाज दुसऱ्यास बळेंच ऐकविण्याचा हक्क कोणास नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला.

मग अडतें कोठें? आमच्या रोह्याच्या घरांतील एक प्रसंग सांगतों. आमचे वडील बंधु दादा ऐंशी ओलांडलेले व हृदयविकारानें अंथरुणास खिळलेले. विसर्जनाच्या रात्रीं एका मंडळाची मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर तासभर खोळंबली. देव्हाऱ्यांतलीं ताम्हन-पळी खणखणूं लागली, आणि दादा छातीवर हात दाबून पडून राहिले. आम्ही बाहेर जाऊन आवाज थोडा उतरविण्याची विनंति केली. एका तरुणानें अदबीनेंच उत्तर दिलें, “काका, दार लावून घ्या ना, वर्षांतून एकदांच तर आहे!” त्याच मिरवणुकींत पुढें ढोल बांधून आमचा पुतण्याचा मुलगा होता. मध्यरात्रीं तो घरीं आला तेव्हां दादा जागेच होते. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “अरे, तुझा ढोल ओळखूं आला नाहीं.” मुलगा खालीं मान घालून म्हणाला, “आजोबा, त्या कर्ण्यांपुढें माझा मलाच ऐकूं येत नव्हता.”

तक्रार कोणावर करावयाची? मंडळांत आपलाच नातू, वर्गणी आपणच दिलेली, आणि ज्याच्या दुकानांतून वाणसामान येतें तोच अध्यक्ष. मोठ्या शहरांत तक्रारदार निनांवी राहूं शकतो. पेण-रोह्यांत फोन ठेवण्यापूर्वीं त्याचें नांव गांवभर झालेलें असतें. म्हणून ज्यांस त्रास होतो ते आजारी, बाळंतिणी व परीक्षेस बसलेलीं मुलें गप्प राहतात, आणि गप्प राहणें म्हणजे संमति असा अर्थ केला जातो.

कोणी म्हणेल, वाद्यें तर धर्मासच धरून आहेत. आहेतच. गीतेच्या पहिल्या अध्यायांत शंखांस नांवें देऊन त्यांचा घोष वर्णिला आहे. पण तें रणांगण होतें. उपासनेविषयीं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत निराळेंच मोजमाप आढळतें. विधियज्ञाहून जप दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला शतपट, आणि मनांत केलेला सहस्रपट. डेसिबलची पट्टीही दसपटीनेंच चालते, परंतु नेमकी उलट दिशेनें! आमच्या रोह्याचें ग्रामदैवत श्री धावीर महाराज. दसऱ्याच्या उत्सवांत त्यांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, आणि पालखीबरोबर वाद्यांचा गजरही असतो. पण तो गजर पालखीबरोबर चालत पुढें जातो. कोणाच्या उशाशीं मुक्काम ठोकीत नाहीं.

यावर आमची सूचना अगदीं लहान आहे. विसर्जनाच्या रात्रीं रस्त्यावर उतरून वाद घालण्यांत अर्थ नाहीं. वर्गणी मागावयास मुलें दारांत येतील तेव्हां त्यांस बसवून, चहा देऊन, घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी सांगाव्या: ढोल-ताशा, लेझीम खुशाल असावींत, पण कर्ण्यांची भिंत नको, रुग्णालयापाशीं व आजाऱ्याच्या घरापाशीं मिरवणूक थांबूं नये, आणि ठरलेल्या वेळीं वाद्यें बंद व्हावींत. हें सांगण्याचा अधिकार यावा म्हणून आपल्या दिवाणखान्यांतला दूरचित्रवाणीचा आवाज आधीं उतरवावा, आणि एस. टी. मध्यें मोबाइलवरचीं गाणीं साऱ्या गाडीस ऐकविणाऱ्या आपल्याच चिरंजीवांचा कान धरावा.

पुढच्या वर्षीं मंडळाच्या बैठकींत हा विषय आमच्या त्या नातवानेंच काढला. फार मोठी क्रांति झाली नाहीं. दोन भिंतींची एक भिंत झाली, आणि मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर न थांबतां पुढें गेली. दादांनीं उशी उंच करून घेतली होती. ढोल जवळ आले तसे ते बोटानें पलंगाच्या कठड्यावर ठेका धरून होते. एवढें झालें तरी पुष्कळ झालें, असें आम्हांस वाटतें.