गव्हाच्या काडीची पन्हळ

तुम्ही म्हणाल, पेरणी तोंडावर आली आणि हे साहेब बीजप्रक्रियेचे सांगायचे सोडून खेळण्यातल्या घराला पन्हळ बसवायला निघाले! पण जरा दम धरा. ही पन्हळ शेवटी तुमच्या-माझ्या वळचणीलाच येऊन टेकते.

आमचा पुतण्या आठवीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो पुण्याला आत्याकडे गेला होता. तिथे कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. गाड्या, पूल, सिग्नल, सगळे इवलेसे, पण चालते खऱ्यासारखे. पोरगा परत आला तो डोक्यात स्टेशन घेऊनच. आपल्या औंढ्याला रेल्वे नाही. म्हणून पठ्ठ्याने पुठ्ठ्याचे 'औंढा नागनाथ' स्टेशन बांधायला घेतले. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे होते.

माप धरले फुटाला पाव इंच. तीस फुटांची इमारत साडेसात इंचांत बसली. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला, की आतल्या नाल्या उघड्या पडतात. त्यावर ऑइलपेंटचा हात दिला, झाला पत्रा. तरी स्टेशन खरे वाटेना.

"काका, काय कमी पडलं?" त्याने विचारले.

"पत्र्यावरचं पाणी कुठं जातं ते दिसत नाही, बाळा."

मग पन्हळीचा शोध सुरू झाला. शरबताची नळी चिरून पाहिली, तर मापाने ती फूटभर रुंद होत होती. स्टेशनाला कालवा बांधल्यासारखी दिसे. शेवटी गव्हाची काडी कामाला आली. ओंबीखालचे लांब पेर घ्यायचे, तासभर पाण्यात भिजवायचे आणि पात्याने मधोमध उभे चिरायचे. कोरडे चिरले तर तडकते. खालची गाठ ठेवली की पन्हळीचे एक तोंड आपोआप बंद होते. उभ्या नळासाठी त्याहून बारीक, न चिरलेली काडी. पन्हळ धरायला जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगची तार. ती आपल्याकडे कोणाच्या घरी नसते? दर अर्ध्या इंचाला एक आकडी, म्हणजे खऱ्या घराला दोन फुटांवर एक. पत्र्याची कड पन्हळीच्या मध्यापर्यंत पुढे आलेली हवी. वरून राखाडी रंग, आकड्यांपाशी गेरूचा गंज आणि नळाच्या बुडाशी हिरवट शेवाळ. आता स्टेशन जुने, पावसाळे खाल्लेले दिसू लागले.

पोराने हौसेने पत्र्यावर चमचाभर पाणी ओतले. पाणी नळाकडे गेलेच नाही. मधोमध तुंबले, कडेवरून सांडले आणि भिंतीचा पुठ्ठा भिजून फुगला. त्याने पट्टी लावून पन्हळ अगदी सरळ बसवली होती.

मी गप्प झालो. कारण हीच चूक मी १९९६ साली खऱ्या घरावर केली होती. कृषीची पदवी होती, नोकरी नवी होती. गावाकडचे माळवद काढून पत्रे टाकले आणि पाणसळ लावून पन्हळ एका रेषेत बसवली. आबा खालून म्हणाले, "बाळ, पाण्याला उतार लागतो." मी म्हणालो, "आबा, मला मोजमाप कळतं." त्या पावसाळ्यात पन्हळीचे पाणी मधेच सांडून मातीच्या भिंतीत मुरत राहिले. एका रात्री ती भिंत कोसळली. ज्वारीची पोती चिखलात गेली. त्या भिंतीशी माझी आई झोपायची. ती रात्र तिने योगायोगाने शेजारच्या जागरणात काढली, म्हणून वाचली. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उठून चिखल तुडवायला लागले. तो अबोला मला आजही बोचतो.

पुतण्याला हे पहिल्यांदाच सांगितले. तो काही बोलला नाही. त्याने आकड्या सोडवल्या आणि नळाकडचे टोक जाड कार्डाइतके, दीड मिलिमीटर खाली घेतले. पुन्हा चमचाभर पाणी ओतले. या वेळी ते सरळ नळातून खाली वाटीत पडले.

तुमच्या घराचा हिशेबही हाच आहे. दर दहा फुटांना इंचभर उतार द्या. आढ्याचे पाणी वळचणीला येणारच. पुढे ते भिंतीत जायचे की टाकीत, हे आपल्या हातात आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. वीस बाय तीस फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या सरीत त्यावर साडेपाचशे लिटर पडते. गळती-उडती वजा जाता साडेचारशे तरी हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी तेवढे सोडून द्या. त्यात वर्षाची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. सिद्धेश्वर धरण आपल्याच तालुक्यात असले, तरी उन्हाळ्यात हंडे घेऊन कोणाला चालावे लागते, हे घरातल्या बायांना विचारा.

मृगाच्या आधी एकदा शिडी लावा. पन्हळीतला पाला काढा आणि वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतून बघा. मधे थांबले, तर आकड्या त्याच दिवशी सोडवा. आणि खालून घरातले म्हातारे माणूस काही सांगत असेल, तर आधी ते ऐका.