तीन गाड्यांचं एक इंजिन

आमच्या ढाणकीत 'हायब्रीड' म्हटलं की जुन्या माणसांना अजून ज्वारीच आठवते. याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात संकरित ज्वारी शेतोशेत पोचली आणि लोक भाकरीलाही हायब्रीड म्हणू लागले. शहरात आज हायब्रीड म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी कार. मी मात्र तिसऱ्याच हायब्रीडबद्दल लिहिणार आहे. तीन वेगवेगळ्या गाड्यांचे, कारखान्यातून आलेले अस्सल भाग जोडून आमच्या गावच्या गॅरेजात बनलेल्या एका डिझेल इंजिनाबद्दल.

ते इंजिन माझ्या दुल्हेभाईंच्या जीपचं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ढाणकी ते उमरखेड ही काळी-पिवळी त्यांची रोजीरोटी होती. मे महिन्यात रेडिएटर गळला, पाणी संपलं, इंजिन तापून बंद पडलं. खोललं तेव्हा हेडला तडा गेलेला, एका पिस्टनने बोअर खरवडलेला आणि क्रँकही झिजलेला. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. भंगारवाला जो भाव सांगत होता, त्यात आपाच्या दोन मुलांची वर्षभराची फीसुद्धा निघाली नसती. गाडी गेली की परमिटची कमाई गेली. उरलं असतं ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसणं.

आमच्या उस्तादांनी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत त्यांनी एकही नट कसला नाही, फक्त मापं घेतली.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण सगळा खेळ त्याच्यावर होता. महिंद्राची कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. माणूस गेला, आद्याक्षरं तीच राहिली. पुढे १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत ट्रॅक्टरची कंपनी निघाली. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्येही आलं.

दुल्हेभाईंच्या जीपचं इंजिन २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. असे अर्धवट आकडे कशाला ठेवले असतील, असं उस्तादांनी एकदा विचारलं. मी दोन्हींना २५.४ ने भागलं. उत्तर आलं साडेतीन इंच आणि चार इंच. म्हणजे इंजिन इंचाच्या मुलखातलं होतं. इंटरनॅशनलच्या बीडी-१५४ या ट्रॅक्टर इंजिनाची मापं नेमकी हीच, आणि नावातले १५४ म्हणजे घनइंच. तेव्हापासून वर्गात वृत्तचितीचं घनफळ शिकवायला मी हेच उदाहरण घेतो. चार सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक देतो, मुलं २५२३ काढतात. गावात दिसणाऱ्या वस्तूचा आकडा स्वतः काढला की तो विसरत नाही.

पण त्याच कंपनीच्या एमएम ५४० जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घराण्याचं इंजिन होतं. बोअर ९०, स्ट्रोक ८३, म्हणजे २११२ सीसी. बॉनेटवर नाव एकच, पोटातली घराणी वेगळी. भंगारात दोन्ही शेजारी पडलेली असतात. एकाचं हेड दुसऱ्याला लावू म्हणणारा माणूस फसतो.

उस्तादांनी ठरवलं ते असं. ब्लॉक दुल्हेभाईंचाच ठेवायचा. एक तर तो शाबूत होता, बोअर करून वाचणार होता. दुसरं म्हणजे इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. ब्लॉक बदलला की आरटीओची कागदपत्रं आली. हेड घ्यायचं अपघातात मोडलेल्या त्याच जातीच्या दुसऱ्या जीपचं. क्रँक नांदेडच्या भंगार बाजारातून, तिसऱ्या गाडीचा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गास्केट मात्र नवे.

एका मेकॅनिकने सुचवलं, गावात जुना ट्रॅक्टर पडलाय, खानदान एकच आहे, त्याचं हेड फुकट मिळेल. उस्तादांनी नकार दिला. काही डिझेल इंजिनांत हेडमधल्या छोट्या कप्प्यात डिझेल पेटतं, तर काहींत थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत. एका पद्धतीचं हेड आणि दुसऱ्या पद्धतीचा पिस्टन यांचे बोल्ट जुळले तरी आग जुळत नाही. उस्तादांचे शब्द होते, "मास्टरजी, भोकं जुळणं म्हणजे इंजिन जुळणं नव्हे."

पुढचं काम मी शाळा सुटल्यावर रोज बघत होतो. आणलेलं हेड आधी पाण्याच्या दाबाखाली तपासलं, मग त्याचा तळ सपाट करून घेतला. ब्लॉक बोअरिंगला नांदेडला गेला. क्रँक दहा थाउ, म्हणजे पाव मिलिमीटर, घासून आणला आणि त्याच मापाचे बेअरिंग घेतले. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या ज्याच्या त्यालाच लावायच्या, कारण त्या जोडीनेच बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली तर गोलाई बिघडते. चारही रॉड किराणा दुकानातल्या काट्यावर तोलले. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीपासून किती वर-खाली येतो ते मोजलं, मग गास्केट निवडली. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने कसले.

इंजिन पहिल्या दिवशी सुरू झालं. पण खरी परीक्षा नंतर होती. पहिले हजार किलोमीटर अर्ध्याच सवाऱ्या घ्यायच्या, असं उस्तादांनी बजावलं. पाचशे किलोमीटरवर ऑइल बदलायचं. दारात गिऱ्हाईक उभं असताना सीट रिकामी ठेवून निघणं दुल्हेभाईंना जड गेलं. घरात कुरबुर झाली. तरी त्यांनी पाळलं. ती जीप त्यानंतर नऊ वर्षं चालली. इंजिन पुन्हा खोलावं लागलं नाही.

लोक याला जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथे चुकीचा वाटतो. जुगाडात माणूस आज भागवतो. इथे माणसाने फुकटचं हेड नाकारलं, कारण ते वर्षभरानंतर दगा देणार होतं. मिश्र इंजिन टिकतं ते मिसळण्याच्या धाडसामुळे नव्हे. काय मिसळायचं नाही हे ठाऊक असल्यामुळे ते टिकतं.

उस्ताद सातवीपर्यंत शिकलेले. मायक्रोमीटर हाताने अचूक लावतात, पण दशांशाचा आकडा दुसऱ्याकडून वाचून घेतात. त्यांची सगळी मापं गॅरेजच्या भिंतीवर खडूने होती. एका पावसाळ्यात ओल आली आणि निम्मी पुसली. मी एक वही केली. एका बाजूने मराठी, उलट बाजूने उर्दू. उर्दू उजवीकडून लिहितात, पण आकडे तिच्यातही डावीकडूनच. त्यामुळे ८८.९ दोन्ही बाजूंनी ८८.९ च राहतं. त्यांच्याकडचा मराठी शाळेतला पोरगा आणि उर्दू शाळेतला पोरगा आता एकच वही वापरतात.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांत स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं आहे. आमच्या गावात त्यातले कितीतरी हात ऑइलने काळे झालेले असतात. आठवीतला पोरगा गॅरेजला लावायचा का, असं विचारायला दरवर्षी कुणीतरी अम्मी शाळेत येते. मी म्हणतो, संध्याकाळी जरूर पाठवा, पण दहावी होऊ द्या. दहावी झाली तर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स खुला होतो. हात उस्तादांकडे तयार होईल, आणि आकडा तो स्वतः वाचेल.

मागच्या आठवड्यात अशीच एक अम्मी मुलाला घेऊन आली. मी त्याला वहीतलं एक पान दाखवलं आणि घनफळ काढायला सांगितलं. त्याचं उत्तर २५२२.६ आलं. मी म्हटलं, बरोबर आहे, आता हे पूर्णांकात लिही.