शांत तळीचे गणित

कलाशाखेच्या पदवीधराने गणिताविषयी लिहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु 'समीकरणे माणसाच्या काय उपयोगी?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सत्य हकीगत आम्हांला सांगावीशी वाटते.

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील संरक्षक पेशींत शिरून आपल्या प्रती घडवून घेतो. त्या प्रती मग नव्या पेशी गाठतात. तरीही बाधित मनुष्य पुष्कळदा वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, आणि रक्तातील विषाणूंची पातळी फारशी हलत नाही. तेव्हा विषाणू निजलेला असतो काय?

आमच्या गोव्यातील देवळाची तळी आठवावी. झरा आत येतो, पाटाने पाणी बाहेर जाते. दोन्ही सारखे, म्हणून पातळी स्थिर. झऱ्याचा जोर जाणायचा तर तो अडवून पाणी किती वेगाने उतरते ते मोजावे. अमेरिकेतील डेव्हिड हो हे वैद्यकसंशोधक आणि ॲलन पेरेल्सन हे गणिती जीवशास्त्रज्ञ यांनी सहकाऱ्यांसह हेच केले. पाच रुग्णांना नव्या पेशी बाधित होऊ न देणारे औषध देऊन त्यांचे रक्त काही तासांच्या अंतराने तपासले आणि त्या उतारावर समीकरणे बसविली. १९९६ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे : रोज सुमारे १,००० कोटी विषाणू जन्मतात व तितकेच नाहीसे होतात. मोकळ्या विषाणूंपैकी निम्मे सुमारे ६ तासांत सरतात, बाधित पेशींपैकी निम्म्या सुमारे १.६ दिवसांत.

इतक्या प्रतींत एका औषधाला न जुमानणारी एखादी निपजतेच. तीन औषधांना एकदम चुकविणे मात्र फार कठीण. औषधे एकत्र देण्यामागील हे गणित होय.

आमच्या परिचयाच्या एका घरी या गोळ्या रोज घेतल्या जातात. "ताका आतां बरें दिसता, मागीर वखद कित्याक?" असे तेथील आईने आम्हांला कोंकणीत विचारले. आम्ही तळीचाच दाखला दिला. काही बाधित पेशी निद्रिस्त राहतात. गोळी थांबली की झरा पुन्हा फुटतो. माउली काही बोलली नाही. तिने उठून गोळी मुलाच्या ताटाशेजारी ठेवली.

विद्यार्थिमित्रांनो, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली डोळ्यांना कळत नाही. ती मोजावी लागते. आणि त्या मोजण्यावर कोणाच्या तरी मुलाचे आयुष्य अवलंबून असू शकते.