तीन पेन्सांचा दावा

राज्यक्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मशाली, तोफा आणि खवळलेला जमाव उभा राहतो. अमेरिकेतील तेरा इंग्रज वसाहतींच्या क्रांतीत हे सारे पुढे आलेच. परंतु तिचा आरंभ झाला तो अर्ज, कैफियती आणि युक्तिवाद यांनी. माझ्यासारख्या वकिली पेशाच्या माणसाला तिचे आकर्षण वाटते ते याचसाठी. जकातीच्या अधिकाऱ्यांना वाटेल त्या घराची झडती घेण्याची मुभा देणारे सरसकट परवाने तेव्हा निघत असत. १७६१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जेम्स ओटिस याने त्यांच्याविरुद्ध भाषण केले. श्रोत्यांत पंचवीस वर्षांचा एक नवखा वकील बसला होता. त्याचे नाव जॉन ॲडम्स. स्वातंत्र्याचे बालक त्या दिवशी जन्मले, अशा अर्थाचे उद्गार त्याने पुढे म्हातारपणी काढले. वकिलांना वकिलांच्या भाषणांचे मोल अंमळ अधिक वाटते, हे खरे. तेवढे वजा करूनही त्यात तथ्य उरतेच.

साम्राज्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दुबळी नव्हती. १७५६ ते १७६३ च्या युद्धाने इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. ज्यांचे रक्षण झाले त्यांनी थोडा भार उचलावा, हे म्हणणे कोणाही व्यवहारी माणसाला पटेल. पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, ही वसाहतवाल्यांची तक्रार. पण मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांनाही तेव्हा स्वतःचा प्रतिनिधी नव्हता आणि तेथील लोक कर भरतच होते. यावर वसाहतवाल्यांचे उत्तर असे की, आमच्यावर कर बसवतात त्या आमच्या सभा. व्हर्जिनियाची सभा १६१९ पासून चालत आलेली. म्हणजे एका बाजूला पार्लमेंटचे सार्वभौमत्व आणि दुसऱ्या बाजूला दीडशे वर्षांची वहिवाट, असा हा दावा होता.

१७६५ मध्ये मुद्रांक कायदा झाला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, पंचांगे, पदव्या, फार काय पत्त्यांचे जोडदेखील, सर्वांवर सरकारी छाप हवा. आणि कायदा मोडणाऱ्याची चौकशी आरमारी न्यायालयातही व्हावी, जेथे ज्यूरी नसे. वकील आणि छापखानेवाले या बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या दोन वर्गांच्याच कागदावर प्रथम हात टाकणाऱ्या मंत्र्याच्या मुत्सद्देगिरीविषयी काय बोलावे! गदारोळ झाला, इंग्रजी मालावर बहिष्कार पडला आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. परंतु त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा संमत केला : वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेणारे कायदे करण्याचा अधिकार आम्हांस आहे. हुकूमनामा कायम, वसुली तेवढी तहकूब! माझ्या मते क्रांतीचे बीज करांपेक्षा या एका वाक्यात अधिक आहे.

१७६७ मध्ये काच, रंग, कागद, शिसे आणि चहा यांवर नवी जकात बसली. पाठोपाठ बोस्टनमध्ये फौज आली. ५ मार्च १७७० रोजी जमावाने सैनिकांना बर्फाच्या गोळ्यांनी आणि दंडुक्यांनी भंडावले, बंदुका सुटल्या आणि पाच माणसे मेली. सारे शहर सूड मागत असता त्या सैनिकांचे वकीलपत्र कोणी घेतले? जॉन ॲडम्सने. कप्तान निर्दोष सुटला; आठ सैनिकांपैकी सहा सुटले आणि दोघांवर केवळ सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत होऊन त्यांच्या अंगठ्यांवर डाग दिले गेले. ज्या सत्तेशी भांडायचे, तिच्याच शिपायांना न्याय मिळवून देणारा हा माणूस मला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ॲडम्सहूनही मोठा वाटतो. बोस्टनकरांचेही कौतुक असे की, त्याने हे वकीलपत्र घेतल्यावर, त्याच वर्षी त्यांनी त्याला प्रांतिक सभेवर निवडून दिले.

योगायोग असा की, त्याच ५ मार्चला लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थने ही नवी जकात उठवण्याचा ठराव मांडला. फक्त चहावरची, पौंडामागे तीन पेन्स, ती राखली. ती राखण्याचा निर्णय आदल्या वर्षी मंत्रिमंडळात अवघ्या एका मताने झाला होता. उत्पन्नासाठी नव्हे, हक्काची खूण म्हणून.

येथे आपल्या देशाचा धागा या कथेत शिरतो. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी डबघाईस आली होती आणि तिच्या वखारींत चीनचा चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने एका हाताने रेग्युलेटिंग ॲक्ट करून कंपनीला लगाम घातला, तर दुसऱ्या हाताने तिला चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. त्यामुळे चहा स्वस्त झाला, आणि तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या!

स्वस्त चहा लोकांनी का बुडवावा, हे कोडे मला एका पक्षकाराने सोडवून दिले. शेजाऱ्याच्या कुळागरातून जाणाऱ्या पिढीजात वाटेचा त्याचा तंटा होता. शेजारी वर्षाला एकच रुपया मागत होता. मी तडजोड सुचवली, तेव्हा तो म्हातारा म्हणाला, “वकीलसाहेब, रुपया दिला की वाट त्याची झाली. मग मी चालणार तो त्याच्या मेहेरबानीवर.” कायदा त्याच्याच बाजूचा होता. परवानगीचे मोल दिले की वहिवाटीचा हक्क संपतो. बोस्टनच्या व्यापाऱ्यांना तीन पेन्स जड नव्हते; जड होती ती पावती.

चोरट्या डच चहावर ज्यांचा धंदा चाले, त्यांचाही स्वार्थ यात होता, हे विसरू नये. आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या वसाहतींत पाचांपैकी एक माणूस गुलाम होता. त्याची कैफियत कोणी दाखल करून घेतली नाही.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदर बंद झाले. एका गावाच्या अपराधाची ही शिक्षा पाहून उरलेल्या वसाहती हादरल्या. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली. तरीही जुलैत, मुख्यतः जॉन डिकिन्सन या वकिलाच्या लेखणीतून, राजाकडे एक नम्र विनंतीअर्ज गेला. तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारलाच नाही. ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. अर्ज फेटाळला असता, तर वरच्या दाराशी पुन्हा जाता येते. अर्ज घेणारेच कोणी उरले नाही, तेव्हा वर्षाच्या आत, ४ जुलै १७७६ रोजी, तीच माणसे निराळा कागद लिहून मोकळी झाली.

१७७८ मध्ये पार्लमेंटने कायदाच करून लिहून दिले की, उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज येथील वसाहतींवर महसुलासाठी यापुढे कर बसवणार नाही. तोवर फ्रान्स अमेरिकेच्या बाजूस गेला होता. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. १७७८ च्या त्या कायद्यात हिंदुस्थानचे नाव नव्हते. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालचा सारा कायमचा ठरवून दिला, तेव्हा रयतेच्या संमतीचा प्रश्नच निघाला नाही.