क्वार्टझ्साइटच्या माळावरील विजेचा हिशेब

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम सीमेजवळ क्वार्टझ्साइट हे वाळवंटी गाव आहे. हिवाळ्यात थंड प्रदेशांतील अनेक निवृत्त दांपत्ये चाकांवरची घरे घेऊन येथे येतात. लगतच्या ला पोसा या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्कामाचा परवाना मिळतो. वीजजोडणी मात्र नसते. दिवसा छतावरील सौरफलक, रात्री बॅटरी. ती थकली की दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा सारेच थांबते, आणि वाळवंटातील रात्र गारठ्याची असते.

नवी घेताना इंजिन सुरू करणारी बॅटरी उपयोगाची नाही. तिच्यातील पत्रे पातळ, क्षणभर जोर देणारे. येथे जाड पत्र्यांची, सावकाश रिती होणारी हवी. जुने प्रवासी गोल्फगाडीच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट साधतात. खर्च कमी, परंतु शिशाच्या बॅटरीतील निम्मी वीज न मोडायच्या ठेवीसारखी राखावी लागते, शिवाय वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते. लिथियमची बॅटरी महाग, पण बरीच हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येणारी. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आणि बहुधा जुना चार्जरही बदलावा लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबाचा मिक्सर तर उन्हावरच चालतो! पंधरवडाभर येणाऱ्यास शिसे पुरे. सात महिने राहणाऱ्याने लिथियमची किंमत वर्षांवर विभागून पाहावी. शिशाचीच नवी जोडी घेतल्यास जुनी दुकानात द्यावी, अनामत रक्कम वाचते.